फुटाचा भाव आणि तासाचा भाव

या व्यासपीठावर कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला की महागाई, बोनस, कंत्राटी कामगार असे काही तरी ऐकावे लागणार, अशी आपली समजूत होणे साहजिक आहे. आज आम्ही तसबिरीच्या दुकानाविषयी बोलणार आहोत. जुना कागद, मग ते मोडी पत्र असो, प्रमाणपत्र असो की तुरुंगाचा दाखला असो, तो टिकेल अशा रीतीने दुरुस्त करून चौकटीत बसवून देण्याच्या कामाची किंमत कशी ठरवावी, एवढाच आमचा विषय. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे संघटनेच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि वाचनालयात झाले. त्या शिक्षणात मजुरीचा हिशेब तरी आपल्याला पक्का आला, असा आमचा समज होता. तो एका तसबीरवाल्याने घालवला.

झाले ते असे. आमच्या सांगलीच्या कचेरीत साठ वर्षांपूर्वीचा एक कागद चौकटीत लावलेला होता. श्रमिक संघ अधिनियम, १९२६ प्रमाणे संघटनेची नोंदणी करायला त्या काळी सात सभासदांचा अर्ज पुरे होई. पण आमच्या जुन्या मंडळींनी पहिल्या बैठकीतच सदतीस जणांच्या सह्या आणि अंगठे एका फुलस्केप कागदावर घेऊन ठेवले होते. सह्या चौदा, अंगठे तेवीस. त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत, आणि कित्येकांचा फोटोसुद्धा कोठे नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. आमच्या कचेरीत पाणी चढत चढत त्या चौकटीच्या खालच्या कडेला लागले आणि थांबले. खालची एक ओळ गेली. बाकीचा कागद कोरडा राहिला असे वाटले. पण बंद खोलीतल्या दमटपणाने तो काचेला चिकटून बसला होता.

आम्ही तो एका दुकानात नेला. दुकानदाराने चौकट उलटसुलट करून पाहिली, भिंग लावले आणि म्हणाला, "साहेब, पाहणीचे पाचशे रुपये होतील. काम करायचे ठरले तर पाच-सहा हजारांपर्यंत जाईल. कदाचित काच सोडवूच नये, असेही ठरेल."

"म्हणजे काही न करण्याचे पाचशे?" आमच्या कार्यकारिणीतला एक जण म्हणाला. आम्ही हसलो. हे आम्ही मुद्दाम सांगतो. आम्ही हसलो, आणि चौकट उचलून बाहेर पडलो. दुसऱ्या एका दुकानात सातशे रुपयांत सगळे करून देतो म्हणाले. त्यांनी काच कागदासकट पाण्याच्या परातीत ठेवली. अर्ध्या तासात कागद सुटला. अंगठे मात्र जांभळे ढग होऊन पसरले होते. शिक्क्याच्या गादीची शाई ती, पाण्यात विरघळायचीच. त्या दुकानदाराला आम्ही दोष देत नाही. सातशे रुपयांत जेवढा विचार होतो तेवढा त्याने केला. गेट मीटिंगमध्ये "योग्य दामाशिवाय काम नाही" असे सांगत ज्याने तीस वर्षे काढली, त्यानेच दाम पाडून कागद बुडवला होता.

त्यानंतर आम्ही सवडीप्रमाणे त्या पहिल्या दुकानात जाऊन बसू लागलो. आज जे सांगतो ते तेथे पाहिलेले आणि त्यावर वाचलेले आहे.

आपल्या भागात असे कागद किती घरांत आहेत, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणार नाही. सातारा आणि सांगली ही नावे आज वेगळी आहेत. पण १९४९ पर्यंत वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. त्या साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले ते या साऱ्या मुलखात, १९४३ पासून १९४६ पर्यंत. पुढे १९७२ साली, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. तिच्यासाठी साधारणपणे सहा महिन्यांची कैद सिद्ध करावी लागे, आणि तुरुंगाचा दाखला हा त्याचा पुरावा. तो कागद म्हणजे कित्येक घरांची चूल होती. आता तो माणूस गेला, पेन्शन संपली, नातू तो दाखला घेऊन तसबिरीच्या दुकानात येतो आणि विचारतो, "याला चांगली फ्रेम किती?" मागे जाल तर वाई आहे. वाईस मिळालेल्या दप्तरांवरून राजवाड्यांनी आपल्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवीत असताना पटवर्धनांची दप्तरे वाचत बसले. त्यांच्या हाती न लागलेली एखादी सनद, एखादे खतपत्र अजून कोणाच्या माळ्यावर निघते.

येथे एक गोष्ट ऐकून आम्हांला प्रथम नवल वाटले. दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद पुष्कळदा मऊ आणि पांढरा असतो. आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे प्रमाणपत्र पिवळे पडून पापडासारखे मोडते. कारण जुना जुन्नरी किंवा तत्सम हातकागद चिंध्या-ताग यांच्या लगद्याचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणीचा कागद लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागला. लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो उजेडाने पिवळा पडतो. शिवाय शाई फुटू नये म्हणून त्या कागदाला राळ आणि तुरटी देत. हवेतल्या दमटपणाशी तुरटीचे आम्ल होते आणि ते कागदाचे तंतू आतून तोडत राहते. म्हणजे हा कागद स्वतःलाच खात असतो, आणि आम्ही त्याच्या पाठीशी तसलाच पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड लावतो, त्यातले आम्ल त्याच्यात उतरवतो, वर सरस नाही तर फेव्हिकॉल फासतो आणि उन्हाच्या भिंतीवर टांगतो.

शाईचीही तीच तऱ्हा. मोडी लिहिण्याची काजळीची शाई उजेडात फिकी होत नाही. पण ती डिंकाने धरलेली असल्यामुळे ओले बोट लागले तर पुसली जाण्याचे भय असते. फाउंटन पेनची निळी शाई पाण्याने पळते आणि उन्हाने उडते. निळी-काळी टिकते, पण तिच्यात लोह असते, ते अक्षराच्या जागी कागद जाळत जाते. शिक्क्याच्या गादीविषयी आम्ही सांगितलेच. एकाच दाखल्यावर छापील मजकूर, निळी सही आणि जांभळा शिक्का अशा तीन शाया असतात, आणि तिघींचे पथ्य वेगळे. म्हणून कामाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक शाईच्या कोपऱ्यावर पाण्याचा सूक्ष्म थेंब ठेवून, टिपकागदाने टिपून पाहावे लागते. एवढे केले असते तर आमचे अंगठे वाचले असते. हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे आणि तो कोणत्याही दरपत्रकात नसतो.

आता दरपत्रकाकडे वळू. तसबिरीच्या धंद्यात भाव फुटावर असतो. चौकटीचा घेर मोजायचा, पट्टीचा जो दर असेल त्याने गुणायचे; काच, पाठीचा बोर्ड, चुका आणि मजुरी त्यातच धरलेली. देवाच्या तसबिरीला, लग्नाच्या फोटोला हा हिशेब अगदी योग्य आहे. तेथे श्रम खरोखरच घेराच्या प्रमाणात वाढतात : पट्टी कापायची, कोपरे जोडायचे, हिरकणीने काच कापायची. कागद टिकवण्याच्या कामात श्रमाचा आणि घेराचा संबंध सुटतो. वीतभर मोडी चिठ्ठी दोन दिवस खाते आणि मोठा नकाशा एका सकाळी होतो. फुटाचा भाव येथे लावला की दोनच गोष्टी होऊ शकतात : दुकानदार तरी बुडतो, किंवा कागद तरी बुडतो. दुकानदार बहुधा बुडत नाही.

मग भाव कशावर? तासावर. आणि तासाची किंमत काढायला आमचा धंदा उपयोगी पडला. खालचे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत.

समजा दुकानात दोन कारागीर आहेत आणि प्रत्येकाला महिना २०,८०० रुपये मिळतात. सव्वीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला शंभर रुपये झाले. बहुतेक दुकानदार येथेच थांबतात आणि येथेच फसतात. कारण कारागीर आठ तास टेबलावर नसतो. गिऱ्हाइकाशी बोलणे, माल उतरवणे, खळ शिजवणे, काच पुसणे, वीज गेली म्हणून बसणे, हे सगळे पगारातच असते. प्रत्यक्ष बिलात धरता येतील असे तास दिवसाला पाच मिळाले तर पुष्कळ. महिन्याला १३० झाले. २०,८०० भागिले १३०, म्हणजे तास १६० रुपयांचा. दुकानाचे भाडे, वीज, हत्यारांची झीज, विमा मिळून महिना २६,००० धरले, तर ते दोघांच्या २६० तासांवर पसरून तासाला शंभर येतात. झाले २६०. त्यावर चुका आणि मालकाचा नफा यांसाठी पंधरा टक्के घातले की २९९, म्हणजे तीनशेच म्हणू.

कारागिराचा तो २०,८०० चा आकडा कोठून यावा, हाही प्रश्नच आहे. शेजारचा दुकानदार काय देतो, हे त्याचे उत्तर नव्हे. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी मोजमाप घालून दिले : कमावत्यामागे तीन माणसांचे खाणे, प्रौढाला २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला बहात्तर वार कापड, घरभाडे, आणि जळण-दिवाबत्ती व किरकोळ यांसाठी वीस टक्के. १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर सुचवली. ज्याच्या हाती लोकांच्या आज्याचा दाखला द्यायचा, त्याचा पगार निदान या मापाने मोजावा, असे आमचे मत आहे. असो, हे आमचे नेहमीचे भाषण झाले.

आता एक काम घेऊ. बारा बाय सोळा इंचांचे प्रमाणपत्र, हार्डबोर्डाला डकवलेले, एका बाजूने फाटलेले. पाहणी, फोटो आणि नोंद एक तास. शाईची परीक्षा अर्धा तास. पाठीचा बोर्ड पातळ पात्याने पापुद्रा पापुद्रा करून उतरवणे तीन तास. हे काम घाईने करता येत नाही, आणि ते करणाऱ्याशी बोलूही नये. उरलेला सरस ओल्या खळीचा लेप ठेवून मऊ करून काढणे दोन तास. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीने लावणे दीड तास. टिपकागदात दाबून सपाट करणे. रात्रभर लागते, पण हाताचा वेळ अर्धा तास. माउंट कापणे आणि कागदाला बिजागऱ्या लावणे एक तास. चौकटीत बसवणे अर्धा तास. एकूण दहा तास, ३,००० रुपये. आम्लमुक्त पुठ्ठा, जपानी कागद, अतिनील किरण अडवणारी काच, पट्टी असा माल १,८०० चा; त्यावर तुटफूट वीस टक्के, ३६०. बेरीज ५,१६०. हीच चौकट बाहेरून सोळा बाय वीस इंचांची, म्हणजे सहा फूट घेराची. फुटाला एकशे वीसच्या दराने ७२० रुपये होतात.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की गिऱ्हाईक म्हणते, "अहो, चौकट तर तेवढीच!" आणि ते खरेच आहे, भिंतीवर दोन्ही सारख्याच दिसतात. फरक दिसायला दहा-वीस वर्षे लागतात. म्हणून दुकानदाराने बिल एका आकड्यात देऊच नये. तास वेगळे, माल वेगळा, चौकट वेगळी लिहावी. आम्ही पाहिले आहे की "दुरुस्ती ५,०००" असे लिहिले की माणूस भांडतो, आणि "बोर्ड उतरवणे, तीन तास" असे लिहिले की तो विचारतो, "तीन तास? बघू या कसे करता." कारखान्यात घड्याळ घेऊन कामगाराच्या पाठीशी उभा राहणारा माणूस आम्हांला कधी आवडला नाही. पण येथे कारागिराने स्वतःच घड्याळ समोर ठेवून प्रत्येक कामाचे तास वहीत मांडावेत, असे आम्ही सांगत असतो. वर्षभराची वही झाली की अंदाज सहसा चुकत नाही. आणि चुकण्याची सोय अंदाजातच असावी : लिहून दिलेल्या रकमेच्या वर पाचवा हिस्सा चढू लागला की काम थांबवून मालकाला विचारायचे.

पाहणीचे पैसे वेगळे आणि आधी, हा सगळ्यांत कठीण मुद्दा. डॉक्टर तपासून "ऑपरेशनची गरज नाही" म्हणाला, तरी आपण त्याची फी देतो, उलट आनंदाने देतो. तसबीरवाल्याने "याला हात लावू नका" म्हटले की मात्र तो काम टाळतो असे वाटते. पाहणी फुकट ठेवली तर दुकानदाराचा स्वार्थ प्रत्येक कागदावर काही तरी करण्यात राहतो. पाहणीला दाम असला तरच त्याला "नाही" म्हणणे परवडते. काही कामांना "नाही" म्हणावेच लागते. शाई पोपडे होऊन सुटते आहे, बुरशी पसरली आहे, किंवा कागद इतिहासाचा आहे, तेथे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० पासून हेच पाहत आलेल्या ठिकाणी विचारणा करावी, असे सांगणाराच खरा जाणकार.

आणखी एक मोह असतो. सनदेवर मोठे नाव दिसले की भाव चढवण्याचा. दाखला नाना पाटलांच्या सहकाऱ्याचा आहे की शेजारच्या मास्तरांचा, यावरून श्रम बदलत नाहीत. तेव्हा किंमतही बदलू नये. जबाबदारीचे मोल मात्र धरावे : कुलपाचे कपाट, विमा, आणि आमच्या सांगलीत तरी माळा. पावसाळ्यात गिऱ्हाइकांचे कागद पुराच्या रेषेच्या वर ठेवायला जी जागा लागते तिचे भाडे त्या १०० रुपयांत आहे, हे गिऱ्हाइकाला सांगायला लाजू नये.

महापूर आमच्याकडेच येतात असे नव्हे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदी शिरली आणि तेथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लक्षावधी पुस्तके चिखलात गेली. देशोदेशींचे बांधणीकार तेथे जमले, आणि कागद वाचवण्याच्या आजच्या रीतीला तेथून मोठी चालना मिळाली. त्या रीतीचा कणा असा की जे उद्या उलटे काढता येणार नाही ते आज करू नये. गव्हाची खळ वापरायची ती यासाठीच. ती शंभर वर्षांनीही ओलाव्याने सुटते. आपल्याकडचे बांधणीवाले खळीत कसरीच्या भयाने मोरचूद घालीत, तो मात्र घालू नये. त्यातले तांबे कागदाला बाधते. आणि जागोजागी गरम प्लॅस्टिकमध्ये दाखले बंद करून देतात, ते तर कोणीच करू नये. ते प्लॅस्टिक वितळून कागदात शिरते. वीस-तीस रुपयांत होते आणि काढायला हजारांनी लागतात, तरी निघेलच असे नाही.

आता ज्याच्याकडे पाच हजार नाहीत त्याने काय करावे? आमच्या सभासदांपैकी बहुतेकांचा हाच प्रश्न. उत्तर सोपे आहे आणि प्रामाणिक दुकानदार ते आपणहून सांगतो : मूळ कागद भिंतीवर लावूच नका. त्याची चांगली रंगीत प्रत काढा आणि ती सातशेच्या चौकटीत लावा. उन्हाने उडाली तर दुसरी काढता येते. मूळ कागद न दुमडता, टाचणी-पिना काढून, आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात घालून, अंधाऱ्या, कोरड्या, उंच जागी सपाट ठेवा. चौकटच हवी असेल तर कागद काचेला टेकू नये म्हणून मध्ये माउंट हवा, आणि पावसाच्या झडीची भिंत टाळून, चौकटीमागे हवा खेळेल असे दोन बूच लावून ती टांगावी. अतिनील किरण अडवणारी काच लावली म्हणून ऊन चालते, असेही समजू नये. साधा उजेडही शाई उडवतोच.

आमच्या कागदाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. तो घेऊन आम्ही पुन्हा पहिल्या दुकानात गेलो. पाहणीचे पाचशे आधी टेबलावर ठेवले. दुकानदाराने भिंगातून बराच वेळ पाहिले आणि सांगितले की पसरलेले अंगठे परत येणार नाहीत. चौदा सह्यांपैकी नऊ निळ्या-काळ्या शाईच्या आहेत, त्या शाबूत आहेत. कागद आणखी बिघडू नये एवढेच करता येईल. चार तासांचे काम झाले. बिलात तास लिहिले होते, ते आम्ही कमी करून मागितले नाहीत. कारागिराचा पगार मात्र विचारला, सवयच ती. नऊ सह्या आणि ते तेवीस जांभळे डाग असलेला मूळ कागद आता दुसऱ्या मजल्यावरच्या पेटीत आहे. भिंतीवर त्याची प्रत आहे, आणि तिच्या खाली आम्ही जुन्या हजेरीवरून ताडून पाहून सदतीसही नावे टंकून लावली आहेत.